सावलीच्या कोपऱ्यात वर्षावनातला छोटा पाम: कोणी वाढवलाय का?

कोपरा_हिरवा

नमस्कार मंडळी,

बागेच्या मागच्या अंगाला तीन मोठी झाडं आहेत आणि त्यांच्या मधोमध साधारण ४ मीटर बाय ३ मीटरचा एक तुकडा. तिथे ऊन असं पडतच नाही. सकाळी थोडा वेळ जमिनीवर उन्हाचे ठिपके हलतात, तेवढंच. हिरवळ लावली, ती विरळ होत होत संपली. फुलझाडं लावली, ती उजेडाच्या ओढीने लांबट, किडकिडीत झाली. दोन वर्षं तो तुकडा तसाच पडून आहे.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने वॉकिंग स्टिक पामची तीन रोपं दिली. शास्त्रीय नाव लिनोस्पॅडिक्स मोनोस्टॅकिओस. रोप जेमतेम वीतभर, चार-पाच पानं, आणि प्रत्येक पान टोकाला दुभंगलेलं, माशाच्या शेपटीसारखं. तिने बी पेरल्यापासून कोंब दिसायला चौदा महिने लागले होते. त्यानंतर दोन वर्षं तिने ही रोपं जपली आणि मग माझ्या हाती दिली. त्यामुळे हात लावतानाही धाकधूक होते.

वाचून कळलं ते असं: हा ऑस्ट्रेलियातला, न्यू साउथ वेल्सचा ईशान्य भाग आणि क्वीन्सलँडचा आग्नेय भाग इथल्या वर्षावनात मोठ्या झाडांच्या खाली वाढतो. उंची दोन-तीन मीटर, खोड अंगठ्याएवढं. माझ्या कोपऱ्यासाठी याहून योग्य काय असणार! पण अडतंय ते इथे की इतक्या दाट सावलीत तो खरंच वाढेल का, आणि एवढ्या लहान वयात थेट जमिनीत लावू की कुंडीत मोठा करू? शिवाय मोठ्या झाडांची मुळं त्याला जगू देतील का?

ज्यांनी स्वतः वाढवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. दुसरा एखादा छोटा जंगली पाम वाढवला असेल तरी चालेल.

टकमक

फोटो डकवा की! दुभंगलेल्या पानांचं वर्णन वाचून बघावंसं वाटतंय.

झावळी

माझ्याकडे हा पाम अकरा वर्षं आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी नावाचं. मोनोस्टॅकिओस म्हणजे एकच कणीस असलेला. बऱ्याच पामांच्या फुलोऱ्याला फांद्या फुटतात, याचा फुलोरा म्हणजे एक सरळ लांब दोरी. त्याच दोरीवर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात. फळं धरली की दोरी खाली लोंबते आणि पिकल्यावर लाल मण्यांची माळ टांगल्यासारखी दिसते. माझ्या झाडाला पहिली माळ आली तेव्हा मी रोज सकाळी तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे.

काठीचंही सांगते. खोडावर गळलेल्या पानांच्या वणांची कडी असतात आणि जमिनीलगत गाठीसारखा फुगवटा असतो. झाड उपटून उलटं धरलं की तो फुगवटा मुठीत नेमका बसतो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांसाठी या पामाच्या काठ्या केल्या गेल्या. काठीसाठी काढलेला प्रत्येक पाम अर्थातच मेला. याला वाढीचा एकच कोंब, तो शेंड्यात. तो गेला की बुडातून फुटवा येत नाही. बाकी सगळी काळजी या एकाच गोष्टीभोवती फिरते: कोंब सांभाळायचा.

आता उजेड. दाट वर्षावनात वरच्या उन्हाचा जेमतेम १ ते २ टक्के भाग जमिनीपर्यंत पोचतो. तेवढ्यावर हे पाम जगतात, हे खरं. पण जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. मी माझं झाड आधी अगदी काळोख्या जागी लावलं होतं. तीन वर्षांत तीन पानं. मेलं नाही, रोगट दिसलं नाही, नुसतं थांबून राहिलं. मग वरच्या झाडाची एक आडवी फांदी छाटली आणि पुढच्याच वर्षी तीन पानं आली.

माझं मत: अजून दीड-दोन वर्षं कुंडीत ठेवा. वीतभर रोप जमिनीत लावलंत तर गोगलगाय एका रात्रीत कोंब खाऊन जाईल आणि तुम्हाला सकाळी कळेल. कुंडी उथळ नको, उभी खोल घ्या.

जुनाजाणता

झावळी, तुमचा अनुभव मोठा आहे, पण कुंडीच्या बाबतीत मी सहमत नाही.

पामाची मुळं आंबा-वडासारखी नसतात. खोडाच्या बुडातून एकसारखी, जवळपास सारख्याच जाडीची नवी नवी मुळं येत राहतात. ती जमिनीत शिरली की झाड स्थिर होतं. कुंडीत माती लवकर तापते, लवकर सुकते, आणि जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या झाडाला नेमकं तेच सोसत नाही. शिवाय दोन वर्षांनी कुंडीतून काढताना मुळं तुटणार. कित्येक पामांचं तुटलेलं मूळ तिथून पुन्हा फुटत नाही, मागे मरत जातं आणि बुडातून नवं यावं लागतं. तोवर झाड रुसून बसतं.

मी चार रोपं वीतभर असतानाच जमिनीत लावली. प्रत्येकाभोवती बारीक जाळीचं नळकांडं उभं केलं. गोगलगाय आत गेली नाही. चारही आहेत.

एक मात्र जपा. रोप पिशवीत ज्या पातळीवर होतं त्याच पातळीवर लावा. ‘जरा खोल लावलं की घट्ट बसेल’ असं वाटतं, पण बूड मातीत गाडलं गेलं की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दोन-तीन वर्षांत हळूहळू खंगतं. एव्हाना आपण कारण विसरलेले असतो.

उन्हाची_तिरीप

धागा वाचून राहवलं नाही. इथे सगळे ‘सावली’ म्हणतायत, पण मूळ लेखातलं एक वाक्य फार महत्त्वाचं आहे: सकाळी थोडा वेळ जमिनीवर ठिपके हलतात. ते कवडसे आहेत आणि सगळा खेळ त्यांचाच आहे.

जंगलाच्या तळाशी दिवसभर जो मंद उजेड असतो तो या रोपांना कसाबसा पुरतो. त्यांच्या दिवसाच्या कमाईचा मोठा वाटा येतो तो मिनिट-दोन मिनिटं पडून सरकणाऱ्या कवडशांतून. गंमत म्हणजे पहिला कवडसा पानाला पूर्ण वापरता येत नाही. सावलीत बसलेलं पान ‘जागं’ व्हायला काही मिनिटं घेतं. एकदा जागं झालं की पुढचे कवडसे ते भराभर वापरतं. म्हणून दिवसातून एकदा पडणाऱ्या लांबलचक उन्हापेक्षा थोड्या थोड्या वेळाने येणारे सात-आठ कवडसे या झाडांना जास्त मानवतात.

@कोपरा_हिरवा, एक करा. मोठा पांढरा कागद त्या तुकड्यावर अंथरा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला कवडसा कुठे पडतो तिथे पेन्सिलने गोल काढा आणि वेळ लिहा. कवडसा नसेल त्या वेळी कागदाच्या वीतभर वर हात धरा. सावलीत बोटं वेगवेगळी ओळखू आली तर उजेड चांगला. नुसता धूसर हात दिसला तर मध्यम, या पामांना चालेल. काहीच उमटलं नाही तर तिथे रोप लावू नका, वरची एखादी फांदी विरळ करा.

आणि दुपारचा कवडसा वेगळा मोजा. बाराच्या पुढे एकाच जागी वीस-पंचवीस मिनिटं ऊन बसत असेल तर कोवळं पान भाजतं, पांढुरका डाग पडतो आणि तो कधीच जात नाही.

टकमक

@उन्हाची_तिरीप, आयडी घेतानाच हा प्रतिसाद लिहायचं ठरवलं होतंत की काय! फार सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली.

निसर्गवेल्हाळ

लिनोस्पॅडिक्स देखणा आहे, पण त्याला धीर फार लागतो. तीन रोपं जगवताना मन धास्तावणार असेल तर सोबत एखादं कॅमेडोरिया लावा. त्याच सावलीत ते वर्षभरात दिसण्याइतकं वाढतं आणि कोपरा रिकामा वाटत नाही.

कॅमेडोरियाच्या साधारण शंभर जाती आहेत, सगळ्या मध्य आणि दक्षिण अमेरिका, मेक्सिकोकडच्या. नाव ग्रीक आहे, ‘जमिनीवरची देणगी’ अशा अर्थाचं, कारण फळं जमिनीवर उभं राहून हाताला लागतात. पार्लर पाम म्हणून घराघरात दिसतो तो कॅमेडोरिया एलिगन्स. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या पावसाळी जंगलातला. पण मला विचाराल तर सावलीसाठी कॅमेडोरिया मेटॅलिका. त्याचं पान निळसर करड्या धातूसारखं चमकतं, जवळजवळ अखंड, टोकाला शेपटीसारखं दुभंगलेलं. भर पावसाळी संध्याकाळीसुद्धा ते अंधारात उठून दिसतं.

एक लक्षात ठेवा: कॅमेडोरियात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळं हवी असतील तर तीन-चार रोपं लावा. आणि एलिगन्स विकत मिळतो तेव्हा एका कुंडीत दहा-पंधरा रोपं दाटीने असतात. तो एक पाम नसून गर्दी असते. ती उपटून वेगळी करायला जाऊ नका, मुळं एकमेकांत विणलेली असतात. करायचीच असतील तर अख्खा गोळा बादलीभर पाण्यात बुडवून माती सुटेपर्यंत थांबा आणि मग बोटांनी सोडवा.

पेरते_मी

अवांतर आहे, पण निसर्गवेल्हाळ यांनी एलिगन्सचा विषय काढलाच आहे तर: ग्वाटेमालाच्या पेतेनच्या जंगलात याच्या आणि याच्या भाऊबंदांच्या पानांना ‘शाते’ म्हणतात. फुलांच्या सजावटीत ती कितीतरी दिवस हिरवी राहतात म्हणून जंगलातून तोडून परदेशी जातात. झाडावर एखाद-दोन पानं तोडली तर ते सावरतं, सगळी ओरबाडली तर नाही. तेव्हा पेरून वाढवलेलं रोप घेणं हे या झाडांवर प्रेम करण्याचाच एक भाग आहे असं मला वाटतं.

आता बियांबद्दल, कारण मूळ लेखातले चौदा महिने वाचून मैत्रिणीला मनापासून नमस्कार करावासा वाटला. मी पामाच्या बिया पेरत असते. बी ताजं हवं, सुकून खडखडणारं बी बहुतेक वाया जातं. गर पूर्ण काढायचा, पण हातमोजे घालून. कॅमेडोरियाच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि हात तासन् तास खाजतात. मग बी एक-दोन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून. नंतर ओलसर कोकोपीट घट्ट पिळायचं, थेंब पडता कामा नये, आणि बियांसकट बंद पिशवीत भरायचं. पिशवीवर तारीख. ठेवायची उबदार जागी, २५ ते ३० अंशांच्या आसपास. आणि उकरून बघायचं नाही! पिशवी पारदर्शक घेतली की मूळ बाहेर आलेलं आपोआप दिसतं.

माझ्या एका पिशवीत सात महिने काही नव्हतं. आठव्या महिन्यात एका रविवारी पिशवीच्या तळाशी पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं टोक काचेला नाक लावावं तसं प्लास्टिकला टेकलेलं दिसलं. पुढच्या तीन आठवड्यांत बारा बिया उगवल्या.

मातीचे_हात

वर्षावनातला पाम म्हटलं की सगळे पाणी द्या, ओलावा ठेवा म्हणतात, म्हणून माझी चूक इथे नोंदवतो. कोणाचं तरी झाड वाचेल.

माझ्याकडे लिकुआला ग्रँडिस होता. सोलोमन बेटं, वनुआटू इथला, गोल पंख्यासारखी चुण्या पाडलेली पानं. जिथून घेतला त्या नर्सरीत ‘वर्षावनातला आहे, माती कायम ओलीचिंब ठेवा’ असं सांगितलं. मी चिकणमातीत खड्डा करून लावला आणि रोज पाणी घातलं. खड्डा म्हणजे जणू मातीचं भांडंच, पाणी जाणार कुठे? पाच महिन्यांनी मधला पोंगा, म्हणजे सुईसारखं मिटलेलं नवं पान, उलगडेना. बोटांनी हलकेच ओढला तर सरळ हातात आला. बुडाशी तपकिरी, चिकट आणि उग्र कुजका वास. शेंडा कुजला होता. बाहेरची पानं पुढे दोन महिने हिरवीगार राहिली, त्यामुळे घरचे म्हणत होते की झाड चांगलं आहे. मला माहीत होतं की ते गेलंय.

वर्षावनात पाऊस भरपूर, पण तळाची माती म्हणजे अर्धवट कुजलेल्या पानांची भुसभुशीत गादी. पाणी पडतं आणि उतरून जातं. ओल राहते, पाणी राहत नाही. आता लावण्याआधी मी खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो आणि घड्याळ लावतो. अर्ध्या तासात उतरलं नाही तर तिथे खड्डा नाहीच. जमिनीवरच पानकुजीचा, वाळूचा, जाडसर कोकोचिप्सचा उंचवटा करून त्यात लावतो.

झावळी

@मातीचे_हात, वाचून वाईट वाटलं. पोंगा आठवड्यातून एकदा हलकेच ओढून बघायची सवय मी याच भीतीने लावून घेतली आहे.

@जुनाजाणता, जाळीच्या नळकांड्याची युक्ती मला सुचली नव्हती. ती असेल तर जमिनीत लावायला माझी हरकत नाही, माझा मुख्य आक्षेप गोगलगायीपुरताच होता.

मोगरा_सांज

माझ्या पार्लर पामच्या पानांची टोकं तपकिरी होतात आणि खालची पानं पिवळी पडतात. मी ती लगेच कापते. बरोबर करते ना?

झावळी

@मोगरा_सांज, कापू नका! पूर्ण सुकून लोंबेपर्यंत ठेवा. पालाश (पोटॅशियम) कमी पडला की पाम तो जुन्या पानांतून ओढून नव्या पानाला देतो. जुनं पान हे त्याचं साठवणीचं कोठार आहे. तुम्ही पिवळं पान कापलंत की तो पुढच्या हिरव्या पानातून ओढणार, मग ते पिवळं होणार, मग तुम्ही तेही कापणार.

ओळखायचं असं. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि करपलेली टोकं असतील तर पालाश. जुन्या पानाच्या कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम. सगळ्यात नवं पानच फिकट, नुसत्या शिरा हिरव्या असं असेल तर लोह. आणि लोह बहुधा मातीत असतं, मुळांना हवा नसल्यामुळे किंवा माती फार अल्कधर्मी असल्यामुळे ते घेता येत नसतं. फ्लोरिडा विद्यापीठाने बागेतल्या पामांसाठी सुचवलेलं खत ८-२-१२ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) आणि सोबत ४ टक्के मॅग्नेशियम असं आहे, हळूहळू विरघळणारं. नत्रापेक्षा पालाश जास्त, हे बघा. सावलीतल्या छोट्या पामाला मात्र मात्रा फार कमी लागते. मी वर्षातून दोनदा चिमूटभर देते, बाकी पानकुजीवर सोडते.

नुसती टोकंच तपकिरी असतील तर हवा कोरडी आहे किंवा पाण्यात क्षार जास्त आहेत. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटका. कागदावर बारीक ठिपके चालायला लागले तर लाल कोळी आहे. कोरड्या, कोंदट जागी तो हमखास येतो. पानं खालून पाण्याने धुवा, दर तीन-चार दिवसांनी, महिनाभर.

मोगरा_सांज

अरे देवा, मी दोन वर्षं कापतेय. आत्ताच कात्री आत ठेवून आले. कागदावर ठिपके चालले! धुवायला घेते. मनापासून आभार.

ओलसर

मोठ्या झाडांच्या मुळांचा प्रश्न बाजूलाच राहिला, त्यावर लिहिते, कारण माझा अख्खा बगीचा झाडांखालीच आहे.

मोठ्या झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. तिथे खड्डा करून चांगली माती भरली की ती त्या झाडालाही आवडते. सहा महिन्यांनी मी एक खड्डा उकरून पाहिला तर आत केसांच्या गुंत्यासारखी मोठ्या झाडाची मुळं आणि मधोमध माझं बिचारं रोप. काही जण जमिनीत पत्रा गाडतात. मी केलं नाही, कारण त्यासाठी मोठी मुळं तोडावी लागतात आणि ज्याच्या सावलीवर सगळं उभं आहे त्यालाच जखम होते. उलट वरून फूट-दीड फूट मातीचा ढीगही टाकू नका, त्याची मुळं गुदमरतात आणि बुंध्याशी माती टेकली की साल कुजते.

मी काय करते: बुंध्यापासून लांब, दोन जाड मुळांच्या मधली पोकळी चाचपून शोधायची. खुरप्यानेच खड्डा करायचा, रोपाच्या गोळ्याएवढाच. वरून चार बोटं जाडीचं पाल्यापाचोळ्याचं आच्छादन. आणि पाणी दोघांपुरतं घालायचं, झाडाचं आणि रोपाचं. पहिली दोन वर्षं कोरड्या दिवसांत हे चुकवायचं नाही, पुढे रोप स्वतःचं बघतं.

आणि पाचोळा झाडून काढू नका! त्या तुकड्यावर पडतं ते सगळं तिथेच राहू द्या. मलेशिया, सुमात्राकडे जोहान्सटेज्समॅनिया नावाचा पाम आहे, जमिनीतूनच निघालेली शंकरपाळ्याच्या आकाराची प्रचंड पानं. वरून पडणारा पाचोळा तो पानांच्या मधे झेलतो आणि तो कुजून मुळांशी पोचतो. जंगलातले कितीतरी छोटे पाम असं स्वतःचं खत स्वतः गोळा करतात.

जुनाजाणता

@ओलसर, जमिनीवरच्या पाचोळ्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण झेललेला पाचोळा बागेत तसाच ठेवावा का? मी माझ्या छोट्या पामांच्या शेंड्यात अडकलेली पानं काढतो. आपल्या बागेत जंगलासारखा पाचोळा हलका, सुटा नसतो. एखादं मोठं जाड पान पोंग्यावर चिकटून बसलं की खाली पाणी साचतं आणि मातीचे_हात यांच्या लिकुआलाचं झालं तेच होतं.

ओलसर

@जुनाजाणता, वीतभर रोपाच्या बाबतीत तुमचं मान्य. पान रोपापेक्षा मोठं असेल तर काढायलाच हवं. माझी झाडं गुडघ्यापर्यंत आली आहेत, ती स्वतः झेलतात आणि मी हात लावत नाही.

निसर्गवेल्हाळ

कोणीच पिनांगाचं नाव घेतलं नाही म्हणून घेतो. पिनांगा डिक्सोनी हा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या सदाहरित जंगलात, जगात फक्त तिथेच सापडणारा पाम. सडपातळ, सुपारीचा धाकटा भाऊ शोभावा असा, आणि बुडातून फुटवे येऊन त्याचं बेट होतं. झावळी म्हणाल्या तो एका कोंबाचा धोका त्यामुळे कमी. एक खोड गेलं तरी दुसरं असतं.

टकमक

म्हणजे लिनोस्पॅडिक्स एकुलता एक आणि पिनांगा एकत्र कुटुंब!

कोपरा_हिरवा

इतके प्रतिसाद! दोन दिवस वाचतेय आणि वहीत उतरवून घेतेय.

कागदाचा प्रयोग रविवारी केला. कवडसे मला वाटत होते त्यापेक्षा जास्त निघाले. सव्वाआठ ते साडेअकरा या वेळात त्या तुकड्यावर नऊ गोल निघाले, पण ते सगळे पूर्वेकडच्या अर्ध्या भागात. पश्चिमेकडचा अर्धा भाग कोराच राहिला आणि तिथे हाताची सावलीही उमटली नाही. दुपारी एक ते दीड मात्र मधोमध एक ठसठशीत पट्टा बसतो. मी नेमकी तिथेच रोपं लावणार होते.

बादलीभर पाणी पूर्वेच्या बाजूला अकरा मिनिटांत उतरलं. मधे चाळीस मिनिटं लागली.

तेव्हा ठरवलंय ते असं: दोन रोपं पूर्वेकडे जमिनीत, जाळीच्या नळकांड्यात, पिशवीतल्याच पातळीवर. तिसरं खोल कुंडीत, त्यांच्याच शेजारी ठेवून. @झावळी, @जुनाजाणता, तुम्हा दोघांच्या मतांची अशी शेजारी शेजारी परीक्षा होईल. पश्चिमेकडे सध्या नुसता पाचोळा साठवते आणि वरची एक फांदी विरळ करून घेते.

जुनाजाणता

उत्तम. लावताना गोळा फोडू नका आणि मुळं मोकळी करायच्या भानगडीत पडू नका. तसाच अलगद ठेवा.

झावळी

आणि पहिले चार-सहा महिने काही दिसलं नाही तर घाबरू नका. पाम आधी खाली वाढतो. खोडाला जेवढी जाडी घ्यायची ती तो वर चढण्याआधी जमिनीलगतच घेतो, कारण नंतर त्याचं खोड झाडांसारखं जाड होत जात नाही. नुसतं बसून राहिलंय असं वाटतं तेव्हा त्याचं हे काम चालू असतं.

कोपरा_हिरवा

आठ महिन्यांनी धागा वर काढतेय.

तिन्ही रोपं आहेत. कुंडीतल्याने दोन पानं काढली, पण कोरड्या महिन्यात माझं पाणी तीन दिवस चुकलं आणि एका पानाचं टोक गेलं. जमिनीतल्या पहिल्या रोपाने एकच पान काढलं. पाचव्या महिन्यात जाळीच्या बाहेरच्या बाजूला गोगलगायीचा चकचकीत माग सापडला, वरपर्यंत चढून परत उतरलेला. दोघांचेही आभार!

आणि जमिनीतलं दुसरं रोप. त्याचा पोंगा दीड महिना नुसता उभा होता, शाईच्या रिफिलएवढा. झावळींनी सांगितल्याप्रमाणे दर आठवड्याला हलकेच ओढून बघायचे, घट्ट असायचा. परवा सकाळी त्याची एक कड सुटलेली दिसली. काल अर्धा उलगडला. आज पूर्ण. आतापर्यंतचं प्रत्येक पान टोकाला दुभंगलेलं होतं, हे पहिलंच असं आहे की ज्याचे चार भाग झालेत, असमान, दोन रुंद आणि दोन बोटभर. रंग अजून पोपटी आहे आणि चुण्या पूर्ण मोडलेल्या नाहीत.

मैत्रिणीला फोन केला तर ती अर्ध्या तासात बघायला आली. बराच वेळ उकिडवी बसून बघत होती.

झावळी

चार भाग! आता ते बाळपानांतून बाहेर पडायला लागलं. पुढची पानं बघा, दरवेळी वेगळी येतील. एकसारखी कधीच येत नाहीत, याचा तोच स्वभाव आहे.

पेरते_मी

चौदा महिने थांबलेल्या मैत्रिणीला माझाही निरोप द्या. तिच्याकडे आणखी बिया असतील तर मला हव्या आहेत.

टकमक

आठ महिने झाले, आता तरी फोटो!

कोपरा_हिरवा

@टकमक, उद्या नक्की. सव्वानऊला कवडसा बरोबर त्या पानावर येतो, तेव्हा काढते.